गोळ्या पर्समध्येच राहिल्या

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. त्या दिवशी पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या बसमधून बाजाराला येणाऱ्यांबरोबर पेशंटही उतरतात, एका खेपेत दोन कामं होतात. जुलैतल्या अशाच एका शुक्रवारी, भर पावसात, पेडण्याकडची एक बाई सासू आणि नवऱ्यासोबत सोनोग्राफीला आली. तिच्या पर्समध्ये दोन दिवसांपूर्वी दुसरीकडे केलेल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि मिसोप्रोस्टॉल या गर्भपाताच्या औषधाच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या. गोळ्या त्याच रात्री घ्यायच्या होत्या. नणंद नर्स आहे, तिने फोनवरून हट्ट धरला की आधी एकदा दुसरीकडे बघून घ्या, म्हणून ही मंडळी आली होती.

रिपोर्ट चार ओळींचा. पाळीप्रमाणे ८ आठवडे, गर्भ ५ मिमी, हृदयाचे ठोके दिसत नाहीत, मिस्ड अबॉर्शन, म्हणजे गर्भ वाढायचा थांबला पण अजून पडलेला नाही. तपासणी पोटावरून केली की आतून, हे लिहिलेलं नव्हतं. योक सॅकचा उल्लेख नव्हता. सॅकचं मापही नव्हतं. निष्कर्ष मात्र ठाम होता.

सासूबाईंनी खुर्चीवर बसता बसता विचारलं, "दोतोर, पिशवी रिकामी म्हणतात, मग हिला दिवस राहिले कसे?"

हा घोळ वारंवार होतो. आपल्याकडे पिशवी म्हणजे गर्भाशय. सोनोग्राफीतली सॅक म्हणजे गर्भाशयाच्या आत, गर्भाभोवती तयार होणारी पाण्याची छोटी पोकळी. तिलाही घाईत पिशवीच म्हटलं जातं. मग 'पिशवीत ठोके नाहीत' हे वाक्य घरी पोचेपर्यंत 'पिशवी रिकामी' होतं, आणि घरात कुणीतरी पोरीकडे संशयाने बघायला लागतं. म्हणून गर्भाशयाला पिशवी आणि आतल्या पोकळीला सॅक असंच म्हणावं आणि कागदावर एक गोल, गोलात छोटा गोल आणि त्याला टेकलेला तांदळाएवढा ठिपका काढून दाखवावा. बाहेरचा गोल सॅक, आतला योक सॅक, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोसणारी पोकळी, आणि ठिपका म्हणजे गर्भ. एका मिनिटाचं काम आहे, पण पुढचं सगळं बोलणं त्यावर उभं राहतं.

मशीनकडे जाण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या होत्या. शेवटची पाळी कधी? तिने सांगितलेल्या तारखेवरून त्या दिवशी ८ आठवडे २ दिवस भरत होते. पाळी किती दिवसांनी येते? चाळीस, कधी पंचेचाळीस. हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. आठवड्यांचं सगळं गणित २८ दिवसांच्या पाळीवर बेतलेलं असतं, स्त्रीबीज चौदाव्या दिवशी सुटलं असं धरून. पाळी ४२ दिवसांनी येत असेल तर बीज सुटतं साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी. म्हणजे गर्भ कॅलेंडरपेक्षा दोन आठवड्यांनी लहान असणार, आणि तो तसाच असायला हवा. तिचे ८ आठवडे २ दिवस हे खरे तर ६ आठवडे २ दिवस असण्याची शक्यता होती. सहा आठवड्यांच्या आसपास ५ मिमीचा गर्भ अजिबात लहान नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: घरी टेस्ट कधी पॉझिटिव्ह आली? पाळीची तारीख चुकू शकते, पण टेस्टचा दिवस बायकांना सहसा पक्का आठवतो. पाळीच्या हिशेबाने साडेतीन-चार आठवडे झाल्याशिवाय लघवीच्या किटवर दुसरी रेघ उमटत नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासूनचे दिवस त्यात मिळवले की गर्भ कमीत कमी किती दिवसांचा आहे ते कळतं. हिची टेस्ट १७ दिवसांपूर्वीची. म्हणजे निदान सहा आठवडे, कदाचित ६ आठवडे ३ दिवस. याच सुमारास ठोके दिसायला लागतात. म्हणजे ठोके दिसायला हवेत असंही म्हणता येतं, आणि अजून दोन दिवस थांबायला हवं असंही. काठावरची केस होती. टेस्ट चार आठवड्यांपूर्वीची असती तर मात्र लांब पाळीची सबब टिकली नसती.

ती चार ग्लास पाणी पिऊन आली होती, कारण सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते पोटावरच्या तपासणीसाठी. आतून, म्हणजे योनिमार्गातून तपासायचं तर मूत्राशय रिकामं हवं. भरलं असेल तर गर्भाशय प्रोबपासून, म्हणजे तपासणीच्या नळीपासून, दूर ढकललं जातं आणि चित्र पुसट होतं. तिला आधी बाथरूमला पाठवलं. सासूबाईंची भीती वेगळीच होती. आतून नळी घातल्यावर गर्भाला धक्का लागणार नाही ना? लागत नाही. प्रोब गर्भाशयाच्या तोंडाशी थांबतो, आत शिरत नाही, त्याने गर्भपात होत नाही. एवढं सांगून तिची स्वतःची संमती घेतली, सासूची नव्हे. गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने लागणारा फॉर्म एफ भरला, सिस्टरला आत उभं केलं.

तपासणीतले बारकावे इथे सविस्तर लिहिते, कारण ठोके नाहीत असं लिहिलेल्या बऱ्याच रिपोर्टांमागे ठोके शोधण्याची पद्धतच अपुरी असते.

पोटावरचा प्रोब साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा. आतला ५ ते ९ चा, आणि तो गर्भाशयाच्या अगदी जवळ असतो. पाच मिलीमीटरच्या गर्भातलं फडफडणारं हृदय जेमतेम एक-दीड मिलीमीटरचं, पोटावरून ते हरवतं. आधी गर्भाशय उभं-आडवं पूर्ण पाहून घ्यायचं, दोन्ही बाजूंचे अंडाशय आणि नळ्यांची जागा पाहायची, सॅक खरोखर गर्भाशयाच्या पोकळीत आहे ना याची खात्री करायची. आत योक सॅक दिसली म्हणजे ती खरी सॅक. नुसत्या द्रवाच्या चकवणाऱ्या पोकळीत योक सॅक नसते. हे झाल्यावर मग सॅकवर झूम करायचं, इतकं की गर्भाने पडद्याचा बराच भाग व्यापावा. चित्राचा कोन अरुंद करायचा म्हणजे फ्रेम रेट, सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, वाढतो. फोकस गर्भाच्या पातळीवर आणायचा. आणि पर्सिस्टन्स शून्यावर किंवा अगदी कमी करायचा. ही सेटिंग चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून एकामागून एक फ्रेम मिसळत जाते. यकृत बघताना ती छान, पण सहाव्या आठवड्यातलं मिनिटाला शंभर वेळा होणारं बारीक स्फुरण ती अक्षरशः पुसून टाकते. पोटाच्या सेटिंगवरून थेट गर्भ बघायला घेतला की हाच घोटाळा होतो.

मग हात स्थिर ठेवायचा. पेशंटला क्षणभर श्वास रोखायला सांगायचं आणि बघत राहायचं, दहा सेकंद नव्हे, मिनिट-दोन मिनिटं. गर्भ योक सॅकच्या कडेला चिकटलेला असतो, हृदय नेमकं त्या दोहोंच्या सांध्यापाशी असू शकतं, त्यामुळे प्रोब थोडा थोडा कलता करून गर्भाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. काही हललं असं वाटलं तर दुसरा हात आईच्या मनगटावर. गर्भाशयाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या आईच्या नाडीबरोबर हलतात आणि गर्भालाही हलवतात. नाडीशी ताल जुळला तर ते आईचं हृदय. ठोका दिसला तर एम-मोडची, म्हणजे हालचालीचा आलेख काढणारी, रेघ टाकून मोजायचा आणि छोटी व्हिडिओ क्लिप साठवायची. ठोके ऐकू यावेत म्हणून पल्स्ड डॉपलर लावायचा मोह टाळायचा. त्याची ऊर्जा एका बिंदूवर एकवटते, आणि इतक्या कोवळ्या गर्भावर ती टाकण्याचं कारण नाही. 'आवाज ऐकवा' अशी नातेवाइकांची मागणी असते. सहाव्या आठवड्यात ती नाकारावी.

मधेच वीज गेली, यूपीएसवर मशीन चालू राहिलं. तिने मान वळवून पडद्याकडे पाहिलं आणि परत छताकडे.

सॅक १९ × १६ × १३ मिमी, सरासरी १६. योक सॅक गोल, ४ मिमी, नेहमीसारखी. गर्भाची लांबी तीनदा मोजली: ५.१, ५.३, ५.२. मोजताना कॅलिपर, म्हणजे पडद्यावरची मापाची खूण, योक सॅकच्या कडेवर जाऊ द्यायचा नाही; तेवढ्याने ५ चे ७ होतात आणि सात या आकड्याला पुढे फार मोठा अर्थ आहे. दोन मिनिटांहून जास्त वेळ पाहिलं. ठोके दिसले नाहीत. सहकाऱ्याला बोलावलं, त्यांनी स्वतंत्रपणे प्रोब धरून पाहिलं. त्यांनाही दिसले नाहीत.

म्हणजे ठोके दिसत नाहीत, हे आधीच्या रिपोर्टातलं वाक्य बरोबर निघालं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अजून सिद्ध झालेला नव्हता.

आतून केलेल्या तपासणीत गर्भ ७ मिमी किंवा त्याहून मोठा आणि ठोके नाहीत, किंवा सॅकची सरासरी २५ मिमी किंवा त्याहून जास्त आणि आत गर्भच नाही, तेव्हाच एका तपासणीवर गर्भ वाढत नाही असं निश्चित म्हणता येतं. त्याच्या खाली असेल तर संशय, निदान नव्हे. हे आकडे २०१३ पासून जगभर प्रचारात आले. त्याआधी ५ मिमी आणि १६ मिमी चालायचे, आणि कित्येक ठिकाणी अजून डोक्यात तेच बसलेले आहेत. बदल का झाला ते समजून घेण्यासारखं आहे. पाच-सहा मिमीपर्यंतच्या गर्भात पहिल्यांदा ठोके दिसले नाहीत आणि नंतर दिसले, अशा नोंदी सापडल्या. शिवाय एकच गर्भ दोन जणांनी मोजला तर १५ टक्क्यांपर्यंत फरक पडतो. सहा मिमीत १५ टक्के मिळवा, ६.९ होतात, म्हणून सात. सॅकचंही तसंच. २१ मिमीपर्यंत रिकाम्या दिसलेल्या सॅकमध्ये पुढे जिवंत गर्भ दिसल्याच्या नोंदी होत्या, मोजणाऱ्यांतला फरक १९ टक्क्यांचा, म्हणून पंचवीस. इतकी ढील मुद्दाम ठेवली आहे. आयर्लंडमध्ये २०१० साली अशी चुकीची निदानं उघडकीला आल्यावर देशपातळीवर चौकशी झाली आणि २०११ च्या अहवालात अशी २४ प्रकरणं नोंदली गेली.

आणि हे दोन्ही आकडे आतून केलेल्या तपासणीचे आहेत, हे पुन्हा सांगते. पोटावरून मोजलेले ७ मिमी त्यात धरायचे नाहीत. आतून तपासणं शक्यच नसेल तर १४ दिवसांनी पुन्हा बघायचं.

त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला वाळपईकडची एक बाई आली. तिची गोष्ट थोडक्यात सांगते. पाळी नियमित, ६ आठवडे १ दिवस. दुसरीकडे पोटावरून केलेल्या तपासणीत १७ मिमीची रिकामी सॅक, शेरा 'ब्लाइटेड ओव्हम', म्हणजे सॅकमध्ये गर्भच वाढला नाही, आणि पिशवी साफ करून घेण्याचा सल्ला. तिचं गर्भाशय मागे झुकलेलं होतं. हा दोष नव्हे, बऱ्याच बायकांत ते तसंच असतं. पण पोटावरून बघताना सॅक आणखी खोल जाते आणि आतलं काही दिसत नाही. आतून पाहिल्यावर योक सॅकच्या कडेला ४.२ मिमीचा गर्भ सापडला, मिनिटाला १०८ ठोके. सहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला शंभर-एकशेदहाच्या घरातला वेग ठीकच असतो. नवव्या आठवड्यापर्यंत तो १७० च्या आसपास जातो. तिला बसायला लागलेला वेळ धरून सगळं अर्ध्या तासात आटोपलं. त्या अर्ध्या तासाआधी तिच्या हातात पिशवी साफ करण्याची तारीख होती.

पुन्हा पेडण्याच्या बाईकडे.

अशा वेळी काय बोलायचं हे रिपोर्ट लिहिण्याइतकंच नेमकं ठरवून घ्यावं लागतं. "सगळं ठीक होईल" म्हणायचं नाही, कारण ते माहीत नाही. "चान्स कमी आहे" एवढंच म्हणून सोडायचंही नाही. तिला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की गर्भ योग्य जागी आहे. त्याचे ठोके आज मला दिसले नाहीत. तो इतका लहान आहे की ठोके अजून सुरू व्हायचे असतील, किंवा गर्भ वाढायचा थांबला असेल. आज या दोन्हींतला फरक कुणालाही सांगता येणार नाही. ११ दिवसांनी, मंगळवारी सांगता येईल. तोवर या गोळ्या घेऊ नका.

अकराच का? आज सॅक आणि योक सॅक दोन्ही दिसल्या आहेत. अशा तपासणीनंतर ११ दिवसांनीही ठोके असलेला गर्भ दिसला नाही, तर तेव्हा माप काहीही भरो, निदान पक्कं असतं. सात दिवसांनीही बघता येतं, बरेचजण तेच करतात, आणि ठोके दिसले तर चार दिवस आधी जीव भांड्यात पडतो. पण सातव्या दिवशी नाही दिसले आणि गर्भ ६ मिमीच भरला, तर परत संशयच हाती आणि परत थांबणं. तिला दोन्ही सांगितलं. "एकदाच काय ते सांगा," ती म्हणाली. पेडण्याहून भर पावसात यायचं, नवऱ्याची रजा, हेही हिशेबात होतं.

नवऱ्याने बीटा एचसीजीचे, म्हणजे रक्तातल्या गर्भारपणाच्या संप्रेरकाचे, दोन रिपोर्ट काढले, ४८ तासांच्या अंतराने केलेले. सॅक दिसायच्या आधी, गर्भ नळीत तर नाही ना अशी शंका असताना ही तपासणी खूप उपयोगी पडते. गर्भ डोळ्यांना दिसू लागल्यावर तिला विचारण्यासारखं काही उरत नाही. या टप्प्यावर आकडा मंद वाढतो, कधी थबकतो, आणि लोक रात्र रात्र जागून मोबाइलवर तक्ते बघतात. आणखी बीटा करू नका म्हणून सांगितलं.

सासूबाईंचे प्रश्न सरळ होते. ही स्कूटरवरून जायची, रस्ता सगळा खड्ड्यांचा, त्याने झालं का? रोवणीला दोन दिवस शेतात उतरली होती. अननस खाल्ला होता. प्रत्येक प्रश्न ती सुनेकडे न बघता विचारत होती, आणि सून जमिनीकडे बघत होती. यातल्या कशानेही गर्भाचे ठोके थांबत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत थांबणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास, कदाचित त्याहून जास्त गर्भांमध्ये गुणसूत्रांची मांडणीच चुकलेली असते. ते बीज जुळताना ठरतं, स्कूटरवर नाही. हे सासूसमोर, मोठ्याने सांगायचं असतं. सुनेला एकटीला सांगून काही उपयोग नसतो.

थांबायच्या दिवसांत काय करायचं तेही लिहून दिलं. फॉलिक अॅसिड चालू ठेवायचं. घरची रोजची कामं चालतील. पलंगावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो याला आधार नाही. प्रोजेस्टेरॉन सुरू करू का, असं नवऱ्याने विचारलं. त्याचा उपयोग दिसला आहे तो आधी गर्भपात झालेला असताना या खेपेला रक्तस्राव होत असेल तर. हिचं पहिलंच गरोदरपण होतं, स्रावही नव्हता. तो निर्णय तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांवर सोडला. थोडे डाग दिसले तर घाबरायचं कारण नाही, फोन करायचा. पण तासाला दोन पॅड पूर्ण भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललं आहे, चक्कर येते आहे, ताप १०० च्या वर आहे किंवा पोटात एका बाजूला असह्य कळ येते आहे, तर वाट बघायची नाही, १०८ लावायचा. रात्री पेडण्याहून बांबोळीच्या मेडिकल कॉलेजपर्यंतचं अंतर लक्षात ठेवून ठरवायचं, 'सकाळी बघू' असं म्हणायचं नाही.

रिपोर्टात 'प्रेग्नन्सी ऑफ अनसर्टन व्हायबिलिटी', म्हणजे गर्भ जिवंत आहे की नाही हे अजून अनिश्चित, असं लिहिलं. त्याखाली तपासणी आतून केल्याचं, सॅक, योक सॅक आणि गर्भ यांची मापं, दोघांनी पाहिल्याचं, आणि पुढच्या तपासणीची तारीख. मग गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. हा फोन अवघड असतो, पण टाळला तर पेशंट दोन रिपोर्टांच्या मधे सापडते आणि ज्याचा शब्द घरात चालतो तो निर्णय घेतो. त्यांनी पाळी ४२ दिवसांची असल्याचं ऐकल्यावर लगेच मान्य केलं. गोळ्या पर्समध्येच राहिल्या.

मंगळवारी ती नवऱ्याबरोबर आली, सासू बाहेर बसली. पुन्हा मूत्राशय रिकामं, पुन्हा तीच सेटिंग, तोच प्रोब. सॅक १८ मिमी. गर्भ ५.४. अकरा दिवसांत तो साधारण रोज एक मिलीमीटरने वाढून १५ च्या पुढे जायला हवा होता. कडा पुसट झाल्या होत्या. ठोके नव्हते. सहकाऱ्यांनीही पाहिलं.

प्रोब बाहेर काढून, तिला कपडे नीट करू देऊन, उठून बसल्यावरच सांगितलं. आडवं असताना सांगू नये. "गर्भ वाढायचा थांबला आहे. आता त्यात शंका नाही." पुढे काही न बोलता थांबले.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मग डॉक्टर, त्या दिवशी सांगितलं ते खरंच होतं. अकरा दिवस का थांबवलंत मला?"

प्रश्न रास्त होता. अकरा दिवस तिने कसे काढले ते ती सांगत होती: रोज सकाळी मळमळ होते का ते बघायचं, झाली की बरं वाटायचं, संध्याकाळी पुन्हा भीती. मळमळ हा पुरावा नसतो; गर्भ थांबल्यावरही संप्रेरकं काही दिवस चढी राहतात. हे तिला आधीच सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. आता पहिल्याच दिवशी सांगते.

तिला मी म्हणाले, "त्या दिवशी तुमच्यासारखंच माप असलेल्या आणि ठोके न दिसलेल्या दोघी समोर असत्या, तर एकीचे ठोके मंगळवारी दिसूही शकले असते. ती कोणती, हे शुक्रवारी मला कळलं नसतं. त्या रात्री गोळ्या घेतल्या असत्या तर तुम्हाला पुढे आयुष्यभर कळलं नसतं की आपण कोणती होतो."

तिने मान हलवली. पटलं की नाही ते सांगता येत नाही. थोड्या वेळाने तिने पर्समधली पट्टी काढून टेबलावर ठेवली.

तिच्यापुढे तीन मार्ग होते, आणि तिन्ही तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर ठरवायचे. आपोआप पडण्याची एक-दोन आठवडे वाट बघणं. गोळ्या. किंवा व्हॅक्यूमने गर्भाशय रिकामं करणं. आता घाईचं काही नव्हतं, दोन दिवस विचार करून सांगितलं तरी चाललं असतं. तिने गोळ्या निवडल्या. आधीच्या चिठ्ठीत नुसतं मिसोप्रोस्टॉल होतं. आता डॉक्टरांनी त्याआधी मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम तोंडाने दिलं आणि २४ तासांनंतर मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम योनिमार्गात. त्याला कारण आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन्ही औषधं दिल्यावर पहिल्याच मात्रेत ८४ टक्के बायकांत गर्भ पूर्ण बाहेर पडला, एकट्या मिसोप्रोस्टॉलने ६७ टक्क्यांत. म्हणजे दुसऱ्या मात्रेची किंवा पिशवी साफ करण्याची वेळ कमी जणींवर येते. रक्तगट बी पॉझिटिव्ह होता, त्यामुळे निगेटिव्ह रक्तगटाच्या बायकांना द्यायच्या अँटी-डी इंजेक्शनचा प्रश्न नव्हता. रिपोर्ट मात्र डोळ्यांनी पाहून घेतला, तोंडी उत्तरावर ठेवला नाही. कळा पाळीपेक्षा जास्त येतील, गुठळ्या पडतील, दुखण्याची गोळी कळ चढायच्या आधी घ्यायची आणि त्या दिवशी घरात एकटं राहायचं नाही, हे नवऱ्याला लिहून घ्यायला लावलं.

दोन आठवड्यांनी केलेल्या तपासणीत गर्भाशय रिकामं होतं, आतलं अस्तर पातळ. तीन आठवड्यांनी लघवीची टेस्ट करायला सांगितलं होतं, कारण ती निगेटिव्ह आली म्हणजे आत काही उरलेलं नाही याची आणखी एक खात्री होते. तिने फोनवर किटचा फोटो पाठवला. एकच रेघ.

त्याखाली तिचा प्रश्न होता, पुन्हा कधी प्रयत्न करायचा. एक पाळी येऊन जाऊ द्या म्हणजे पुढचे दिवस मोजायला सोपं जाईल, असं कळवलं. पाळी किती दिवसांनी येते तेही दर वेळी लिहून ठेवायला सांगितलं. ऑक्टोबरात आणखी एक फोटो आला, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाचा. एका तारखेभोवती निळ्या पेनाने गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं: ४१ दिवस.